नोकरी सांभाळून फुटबॉल: जपानमधल्या महिला लीगची जडणघडण

जपानमध्ये पुरुषांची व्यावसायिक जे-लीग १९९३ साली सुरू झाली. महिलांची राष्ट्रीय लीग मात्र त्याच्या चार वर्षं आधी, १९८९ मध्येच, सहा संघांनिशी उभी राहिली होती. पण आधी सुरू झालेल्या या महिला फुटबॉलला पूर्ण व्यावसायिक लीग मिळायला २०२१ उजाडावं लागलं. मधली बत्तीस वर्षं हा खेळ प्रामुख्याने नोकरदार बायकांनी खेळला. दिवसा कचेरी, दुकान किंवा कारखाना आणि संध्याकाळी सराव. त्या बत्तीस वर्षांना 'व्यावसायिक होण्याआधीची तयारी' एवढंच मोल दिलं जातं, ते मला पटत नाही. जपानला विश्वचषक याच व्यवस्थेने मिळवून दिला. आणि चांगले बहरलेले संघ कंपनीच्या एका निर्णयासरशी संपले, तेही याच व्यवस्थेत.

सुरुवात फार साधी होती. १९७७ साली तैवानमध्ये झालेल्या आशियाई महिला फुटबॉल स्पर्धेत जपानकडून जो संघ गेला तो निवड चाचणीतून घडवलेला राष्ट्रीय संघ नव्हता. एफसी जिन्नान नावाचा एक क्लबच देशाच्या नावाने खेळून आला. १९७९ मध्ये महिला फुटबॉलची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली आणि अखिल जपान अजिंक्यपद स्पर्धा सुरू झाली. पहिल्या स्पर्धेत एका संघात आठच खेळाडू होत्या, चेंडू लहान आकाराचा होता आणि सामन्याचा प्रत्येक अर्धा भाग पंचवीस मिनिटांचा. बायकांना पूर्ण मैदान, पूर्ण वेळ झेपणार नाही अशी तेव्हाची समजूत. पहिलं विजेतेपद जिन्नानने घेतलं. त्यानंतर शिझुओका प्रांतातल्या शिमिझू दाइहाचीने सलग सात वेळा ही स्पर्धा जिंकली. शिझुओकात शाळाशाळांतून फुटबॉल रुजलेला होता, त्याचं हे फळ. खरा राष्ट्रीय संघ पहिला अधिकृत सामना खेळला तो १९८१ मध्ये, हाँगकाँगला, आणि चिनी तैपेईकडून, म्हणजे तैवानकडून, ०-१ ने हरला.

१९८९ ची लीग आली ती जपानी अर्थव्यवस्था तेजीत असताना. संघांच्या नावांवरूनच पैसा कुठून येत होता ते कळतं: प्रिमा हॅम ही मांसाचे पदार्थ बनवणारी कंपनी, तासाकी मोत्यांची, निस्सान मोटारींची. त्यांच्या जोडीला योमिउरी क्लबचा बेलेझा संघ होता आणि पहिली विजेती ठरलेली शिमिझूची टीम होती. पद्धत जपानी उद्योगजगतात जुनीच होती. व्हॉलीबॉल, बेसबॉल, पुरुषांचा फुटबॉल असे सगळेच खेळ कंपन्यांनी आपापल्या कर्मचाऱ्यांचे संघ बांधून वाढवले होते. खेळाडूचं नाव कंपनीच्या हजेरीपटावर असायचं, पगार नोकरीचा मिळायचा, आणि सराव व दौऱ्यांसाठी कंपनी सवलत द्यायची. मैदान, प्रशिक्षक, प्रवास हा सगळा खर्चही कंपनीचाच. खेळणं थांबलं तरी हाताशी नोकरी राहते, हा त्यातला मोठा दिलासा.

या पैशामुळे नव्वदच्या दशकात ही लीग जगातल्या तगड्या महिला लीगांपैकी एक बनली. १९९४ पासून तिला 'एल-लीग' म्हणू लागले. नॉर्वेच्या हेगे रीसा आणि लिंडा मेडालेन निक्को सिक्युरिटीज या शेअर दलालीच्या कंपनीच्या संघात येऊन खेळल्या. रीसा म्हणजे १९९५ च्या विश्वचषकातली सर्वोत्तम खेळाडू. तिच्यासोबत रोज सराव करायला मिळणं ही तिथल्या तरुण मुलींसाठी केवढी मोठी शाळा होती!

मग मंदी आली. तेजीचा फुगा दशकाच्या सुरुवातीलाच फुटला होता, पण १९९७-९८ च्या आर्थिक संकटात बँका आणि शेअर दलालीच्या कंपन्या कोसळू लागल्या. निक्कोने १९९६, १९९७ आणि १९९८ अशी सलग तीन वर्षं लीग जिंकली आणि तिसऱ्या विजेतेपदानंतर संघच बंद केला. फुजिता या बांधकाम कंपनीचा संघही बंद पडला. शिमिझूच्या संघामागची सुझुयो कंपनीही बाजूला झाली. मैदानावर काहीच चुकलं नव्हतं, ही गोष्ट मला आजही अस्वस्थ करते. त्यात १९९९ च्या विश्वचषकात जपान गटातच गारद झाला आणि सिडनी ऑलिंपिकचा दरवाजा बंद झाला. प्रवासखर्च परवडेना म्हणून काही वर्षं लीगची पहिली फेरी पूर्व आणि पश्चिम अशी विभागून खेळवली गेली.

या पडझडीत इगाची गोष्ट वेगळी आहे. १९९५ आणि १९९९ ची विजेती प्रिमा हॅम मागे हटल्यावर मिए प्रांतातल्या या छोट्या गावाने संघ सोडला नाही. तो इगा एफसी कुनोइची या नावाने, गावाच्या आधाराने चालणारा क्लब म्हणून उभा राहिला. एका मालकाच्या जागी अनेक लहान आश्रयदाते, आणि खेळाडूंना गावातल्या वेगवेगळ्या ठिकाणी नोकऱ्या. पुढे ओकायामाच्या युनोगो या गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावानेही २००१ मध्ये असाच क्लब काढला. विश्वविजेत्या संघातली आया मियामा तिथेच खेळत होती.

२००४ च्या एप्रिलमध्ये टोकियोच्या राष्ट्रीय स्टेडियमवर अथेन्स ऑलिंपिकच्या पात्रतेचा सामना झाला. जपानने उत्तर कोरियाला ३-० ने हरवलं, ३१,३२४ प्रेक्षकांसमोर. त्याच वर्षी राष्ट्रीय संघाला 'नादेशिको जपान' हे नाव मिळालं, लीगही 'नादेशिको लीग' झाली आणि तिच्यात दोन श्रेणी आल्या. नोकरीचं गणित मात्र तसंच राहिलं. २००८ च्या मोसमानंतर कोबेच्या तासाकीने संघ बंद केला आणि तिथल्या काही खेळाडू कोबेच्याच आयनॅक क्लबकडे गेल्या.

या व्यवस्थेची सगळी गुंतागुंत फुकुशिमात दिसते. टोकियो इलेक्ट्रिक पॉवर कंपनीचा मरीझे संघ तिथल्या जे-व्हिलेज या क्रीडासंकुलात सराव करायचा आणि खेळाडू कंपनीच्या अणुवीज केंद्रात नोकरी करायच्या. ११ मार्च २०११ च्या भूकंप-त्सुनामीनंतर केंद्रात अपघात झाला, जे-व्हिलेज आपत्तीशी झुंजणाऱ्यांचा तळ बनलं आणि मरीझेचं कामकाज थांबलं. चारच महिन्यांनी जर्मनीत विश्वचषक होता. उपांत्यपूर्व फेरीत यजमान जर्मनीविरुद्ध १०८ व्या मिनिटाला विजयी गोल केला तो कारिना मारुयामाने. ती पूर्वी मरीझेकडून खेळायची आणि त्याच केंद्रात नोकरीला होती. बचावफळीतली आया सामेशिमा तर काही महिन्यांपूर्वीपर्यंत मरीझेचीच खेळाडू होती. १७ जुलैला फ्रँकफर्टमध्ये अमेरिकेविरुद्ध २-२ बरोबरीनंतर पेनल्टींवर जपान जगज्जेता झाला. मरीझे पुन्हा उभा राहिला नाही. २०१२ मध्ये त्याचा वारसा सेंदाईच्या वेगाल्ता क्लबने पुढे नेला.

विजयानंतर लीगच्या सामन्यांना, जिथे काही शे प्रेक्षक जमायचे, तिथे कोबेत एकदम १७ हजारांहून अधिक लोक आले. ही लाट टिकली नाही. पुढच्याच वर्षी लंडन ऑलिंपिकला जाताना पुरुषांचा संघ बिझनेस क्लासमध्ये बसला आणि जगज्जेत्या बायका इकॉनॉमीत. त्यांनी तिथून रौप्यपदक आणलं. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकला मात्र पात्रताही मिळाली नाही. युरोपातल्या क्लबांनी तोवर महिला संघांवर पैसा लावायला सुरुवात केली होती आणि संध्याकाळच्या सरावावर त्यांच्याशी बरोबरी करणं अवघड होत गेलं.

म्हणून २०२० मध्ये 'विमेन एम्पॉवरमेंट लीग' म्हणजे वी लीग जाहीर झाली आणि सप्टेंबर २०२१ मध्ये ११ क्लबांनी ती सुरू केली. प्रत्येक क्लबकडे किमान १५ व्यावसायिक करार हवेत आणि किमान वार्षिक पगार २७ लाख येन हवा, अशा अटी घातल्या गेल्या. लीगच्या पहिल्या अध्यक्ष किकुको ओकाजिमा. त्या सत्तरच्या दशकात एफसी जिन्नानमध्ये खेळलेल्या, हे मला फार समाधानाचं वाटतं. पहिलं विजेतेपद आयनॅक कोबेने घेतलं. त्याच मोसमाच्या मध्यावर, २०२२ च्या आशियाई चषकासाठी, वी लीगच्या अनेक खेळाडू पुण्यात बालेवाडीला खेळून गेल्या. उपांत्य सामन्यात चीनने जपानला पेनल्टींवर हरवलं.

नादेशिको लीग बंद झाली नाही. ती आता वी लीगच्या खालची, दोन श्रेणींची, अर्धव्यावसायिक लीग आहे. नव्या मांडणीतलं २०२१ चं पहिलं विजेतेपद मिळवलं ते इगाने. चिबा प्रांतातल्या ओर्का कामोगावाच्या खेळाडू गावातल्या मोठ्या रुग्णालयात काम करतात. दोन लीगांमध्ये सुरुवातीला आपोआप बढती-घसरण मात्र ठेवलेली नव्हती. वर जायचं तर गुणतक्त्यावरचं स्थान पुरत नव्हतं, व्यावसायिक लीगचा परवाना लागायचा. ओसाकाचा सेरेझो क्लब २०२३ मध्ये या वाटेने वी लीगमध्ये दाखल झाला आणि तिथली संघसंख्या १२ झाली.