माळ्यावरच्या कॅसेटी आणि ठाण्याचा पावसाळा

नौपाड्यातल्या जुन्या बिल्डिंगमधला माळा साफ करायला काढला की मुंज, बारसं, साखरपुडा अशी लेबलं लावलेल्या मिनीडीव्ही नाहीतर हाय-एटच्या, म्हणजे जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्याच्या छोट्या कॅसेटी निघतात आणि घरातलं कोणीतरी विचारतंच, या पुसून परत वापरता येतील का? येतील, पण मला विचाराल तर नका वापरू.

मिनीडीव्हीची पट्टी फक्त 6.35 मिमी रुंद. कॅमेऱ्यात हेड, म्हणजे पट्टीवर लिहिणारे-वाचणारे भाग, एका फिरत्या ड्रमवर बसवलेले असतात, तो ड्रम मिनिटाला 9000 फेरे मारतो, म्हणजे सेकंदाला 150, आणि हेड दोन, त्यामुळे सेकंदाला 300 तिरक्या रेघा लिहिल्या जातात, आपल्याकडच्या पाल या टीव्ही सिस्टिममध्ये एका फ्रेमला, म्हणजे एका चित्राला, 12. नॉर्मल स्पीडला एकेक रेघ जेमतेम 10 मायक्रॉनची, म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग! एवढ्या बारीक लिखाणात पट्टीवरचा थर जरा कुठे खरवडला की चित्रात चौकोन दिसतात, आवाज तुटतो. आणि पट्टी हेडला घासूनच चालते, त्यामुळे जितकी फिरवाल तितकी झिजणार.

व्हीएचएस आणि बऱ्याच हाय-एट कॅसेटींचं दुखणं वेगळं. त्यात चुंबकीय कण प्लास्टिकच्या पट्टीवर पॉलियुरेथेनच्या गोंदाने बसवलेले असतात, तो गोंद हवेतलं पाणी शोषतो, हळूहळू तुटतो, मग पट्टी चिकट होते. आता ठाण्याचा पावसाळा, त्यात खाडीजवळचं घर असेल तर बघायलाच नको. शिवाय बुरशी. पट्टीवर पांढरे ठिपके दिसले तर ती कॅसेट कॅमेऱ्यात घालूच नका, हेड खराब होईल आणि बुरशी पुढच्या कॅसेटला लागेल ते वेगळंच.

फ्रीजमध्ये ठेवायचा सल्ला देणारे पण भेटतात. ऐकू नका, बाहेर काढल्यावर पाणी धरतं आणि ओली पट्टी ड्रमला चिकटते. त्यापेक्षा पूर्ण रिवाइंड करा, रेकॉर्डिंग लॉकची खिटी सरकवा आणि घट्ट डब्यात ओल शोषणारं सिलिका जेल घालून उभी ठेवा, झालं.

पण कॉपी आधी, कारण चालवायला मशीनच उरत नाहीयेत, जपानच्या फुनाईने 2016 मध्ये व्हीसीआर बनवणं बंद केलं. मिनीडीव्ही फायरवायरने, म्हणजे कॅमेरा कॉम्प्युटरला जोडणाऱ्या केबलने घेतली तर तासाला साधारण 13 जीबी, आणि दर्जा जराही घटत नाही. हाय-एटला कॅप्चर कार्ड, म्हणजे चित्र कॉम्प्युटरमध्ये घेणारं उपकरण लागतं, काही डिजिटल-एट कॅमेरेही ती वाचतात. कॉपीत चौकोन आले तर लगेच टेपला दोष देऊ नका, दुसऱ्या कॅमेऱ्यात लावून बघा, हेडचं अलाइनमेंट जरा वेगळं असतं त्यामुळे कधीकधी तोच भाग तिथे साफ निघतो.