काउंटरपलीकडचा मॉनिटर आणि लिनक्सची विचारपूस

आमच्या ऑनलाइन फॉर्म भरायच्या सेंटरवर कास्तकार आला की त्याला एकच धाक असतो, नाव चुकायला नको. पीक विमा असो की फार्मर आयडी, एक वेलांटी इकडची तिकडे झाली की पैसे अडकले, मग पुन्हा तालुक्याच्या चकरा. म्हणून ठरवलं की मी जे टाइप करतो ते समोर उभ्या माणसालाही दिसलं पाहिजे, आणि बंद पडलेल्या एका सायबर कॅफेतला साडेअठरा इंची मॉनिटर आणून काउंटरवर गिऱ्हाइकाकडे तोंड करून ठेवला. कॉम्प्युटर जुनाच, विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि ११ त्याच्यावर चढत नाही, म्हणून विंडोजच्या जागी लिनक्स मिंट टाकलेलं. केबल खोचली, चित्र आलं, मी खूश. अन् पहिल्याच दिवशी एक काकाजी म्हणाले, "काऊन रे बाबू, हा शिक्का अंड्यावानी काऊन दिसून राह्यला?"

खरंच, दाखल्यावरचा गोल शिक्का आडवा चेपलेला दिसत होता. सगळे म्हणाले लिनक्स आहे ना, असंच चालते त्याचं. मलाही तेच वाटलं, पण दोष भलत्याचाच निघाला.

होतं काय, की केबल लावली की कॉम्प्युटर आधी मॉनिटरची विचारपूस करतो, बाबा तू कोण, कुठल्या कंपनीचा, किती मोठा, कोणकोणतं रिझोल्यूशन, म्हणजे आडवे-उभे किती पिक्सेल (ठिपके), झेपतं तुला. मॉनिटरच्या आत एक बारकी मेमरी चिप असते, तिच्यात १२८ बाइटचं ओळखपत्र असतं, त्याला ईडीआयडी म्हणतात. कंपनीची तीन अक्षरं, कोणत्या साली बनला, काचेची लांबी-रुंदी सेंटिमीटरमध्ये, सगळं त्यात आहे. शेवटचा बाइट तर फक्त हिशेब जुळवायला ठेवलेला, १२८ बाइटांची बेरीज केली की ती २५६ ने पूर्ण भागली गेली पाहिजे, नाही गेली तर मधात काहीतरी बिघडलं. संध्याकाळी गल्ला मोजून वहीशी ताडून पाहतो ना, तसंच.

आता निळ्या तोंडाच्या जुन्या व्हीजीए केबलीत १५ पिना असतात, आणि ही विचारपूस त्यातल्या १२ आणि १५ नंबरच्या पिनांवरून होते. स्वस्तातल्या काही केबलींत नेमक्या ह्याच तारा वगळलेल्या असतात, कारण रंगाच्या तारा वेगळ्या आहेत आणि चित्र तर तसंही येतंच. माझी केबल त्यातलीच. लिनक्सने विचारलं, कोणी बोललंच नाही, मग त्याने आपलं सुरक्षित म्हणून १०२४ बाय ७६८ धरलं. ते रिझोल्यूशन जुन्या चौकोनी टीव्हीच्या मापाचं, आणि मॉनिटर रुंद, १३६६ बाय ७६८ चा, त्याने आलेलं चित्र ओढून काचभर पसरवलं आणि गोल शिक्क्याचं अंडं झालं.

नवी केबल येईपर्यंत हाताने जुगाड करता येतो, एक्सरँडर नावाची कमांड आहे, तिला आपण मॉनिटरचं माप स्वतःच सांगू शकतो. पण तिथे एक गंमत झाली. मापाचं गणित करून देणारी सीव्हीटी नावाची दुसरी कमांड आहे, तिला १३६६ सांगितलं तर तिने १३६८ दिलं. मला वाटलं टाइप चुकलं, पुन्हा केलं, पुन्हा १३६८. कारण तिचं सूत्र आठ-आठ पिक्सेलच्या तुकड्यांत मोजतं, १३६६ ला आठने भागलं तर १७०.७५ येतं, मग ती पुढच्या पूर्ण आकड्यावर जाते, १७१ गुणिले ८ म्हणजे १३६८. दोन पिक्सेलचाच फरक, पण अक्षरं किंचित भुरकट दिसतात, आणि देवनागरीत अनुस्वार आणि रफार आधी धुतला जातो हे तुम्हाला सांगायला नको. पूर्ण पिनांची केबल आल्यावर सेटिंगमध्ये १३६६ आपोआप दिसलं, मी काहीच केलं नाही.

दोन मॉनिटर म्हटलं की एक तर दोन्हीवर सेम चित्र किंवा दोन्ही मिळून एक मोठा डेस्कटॉप. सेम चित्र मी एक दिवस वापरलं आणि बंद केलं, कारण माझ्या २१.५ इंचीलाही लहान्याच्या मापावर यावं लागलं, शिवाय एका गिऱ्हाइकाचं आधार कार्ड दुसऱ्याला दिसायला लागलं, हे बरं नाही. म्हणून मोठा डेस्कटॉप केला, फॉर्मची खिडकी तिकडे ढकलायची, बाकी सगळं माझ्याकडे.

इथे लिनक्सचा जुना स्वभाव कळतो. स्क्रीनवर चित्र काढायचं काम वर्षानुवर्षं एक्स नावाची सिस्टीम करत आली, अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये १९८४ ला सुरू झालेली, तिची ११ वी आवृत्ती १९८७ ची आणि आजही तीच, एक्स ११. दोन मॉनिटर जोडले की ती एकच मोठं वावर धरते, माझ्या मॉनिटरचे १९२० अधिक तिकडचे १३६६ म्हणजे ३२८६ पिक्सेल रुंद आणि १०८० उंच. पण लहाना मॉनिटर ७६८ च उंच, म्हणजे त्याच्या बाजूला ३१२ पिक्सेलची पट्टी अशी राहते जिथे काहीच नाही. सेटिंगमध्ये दोघांचे खालचे काठ जुळवलेले होते, म्हणून माउस वरच्या भागातून नेला की धुऱ्याला अडल्यासारखा थांबायचा, खालून नेला की सरकून जायचा. मी तर आधी माउसच बदलला. डिस्प्ले सेटिंगमधले ते दोन चौकोन ओढून मधात आणले, आता अर्धं अर्धं वर-खाली सुटतं, सवय झाली.

एकाच वावराचा दुसरा त्रास म्हणजे अक्षराचा आकार. लहान्या मॉनिटरचा एक पिक्सेल ०.३० मिलिमीटरचा, माझ्याचा ०.२४८ चा. २० पिक्सेल उंच अक्षर तिकडे ६ मिलिमीटर, इकडे जेमतेम ५. माझ्या डोळ्याला पुरावं म्हणून फाँट वाढवला तर तिकडे धष्टपुष्ट होतो, कारण एक्स ११ मध्ये सातबारा एकच, दोन्ही भावांना एकच माप. मिंटच्या सिनॅमन नावाच्या डेस्कटॉपमध्ये २०२० पासून प्रत्येक मॉनिटरला वेगळं स्केलिंग, म्हणजे लहान-मोठं दाखवायचं वेगळं प्रमाण, देता येतं, पण आतून ते आधी चित्र मोठं काढून मग लहान करतं, माझ्या जुन्या मशीनचा पंखा तेवढ्यानेच बोंबलायला लागला, सोडून दिलं.

एक्सच्या जागी आलेली नवी सिस्टीम म्हणजे वेलँड, तिच्यात वाटणी झालेली आहे. क्रिस्टियन होग्सबर्गने २००८ मध्ये हे सुरू केलं, त्यात प्रत्येक मॉनिटरचा सातबारा वेगळा, ज्याचं त्याचं स्केल आणि ज्याचा त्याचा रिफ्रेश रेट, म्हणजे सेकंदाला किती वेळा चित्र नव्याने काढायचं ते. फेडोरा नावाच्या दुसऱ्या लिनक्सने २०१६ मध्येच आपल्या गनोम डेस्कटॉपसाठी ते डिफॉल्ट केलं, मिंटमध्ये जानेवारी २०२४ च्या २१.३ पासून आहे पण प्रयोग म्हणून. दोन वेगळ्या घनतेचे मॉनिटर असतील आणि मशीन बऱ्यापैकी नवं असेल तर वेलँडच घ्या असं माझं मत आहे, पण धंद्याच्या कॉम्प्युटरवर सीझनमध्ये प्रयोग करू नका, विम्याची शेवटची तारीख असते त्या दिवशी तर बिलकुलच नाही.

मधात मॉनिटर उभा करूनही पाहिला, ए-फोरचं अख्खं पान दिसावं म्हणून. एका क्लिकवर चित्र फिरतं. पण पिक्सेलमध्ये लाल, हिरवी, निळी अशा तीन उभ्या पट्ट्या असतात आणि अक्षर गुळगुळीत दिसावं म्हणून सिस्टीम त्यांचा वापर करते, मॉनिटर फिरला की पट्ट्या आडव्या होतात आणि अक्षराच्या कडेला रंग दिसतो. फाँट सेटिंगमध्ये आरजीबी काढून ग्रेस्केल केलं की जातं. तरी बाजूने उभ्या माणसाला काळपट दिसायचं, जुन्या पॅनेलचा दोष, पुन्हा आडवा केला.

सगळ्यात घोळ लाइटीचा. कॉम्प्युटर आणि माझा मॉनिटर इन्व्हर्टरवर, गिऱ्हाइकाचा नाही. लाइट गेली की तो काळा, पण फॉर्म मात्र तिकडेच उघडायचे, माउस तिकडे हरवायचा. लिनक्सला कळत कसं नाही? कारण नव्या केबलीच्या ९ नंबरच्या पिनेतून कॉम्प्युटरच ५ व्होल्ट देतो, त्याच्यावर ती ओळखपत्राची चिप जागी राहते. मॉनिटर झोपला, पण विचारलं की आतून हजर साहेब म्हणते. वरून नव्या पद्धतीच्या एचडीएमआय केबलीत आलो-गेलो सांगायला १९ नंबरची वेगळी पिन असते, व्हीजीएला तशी घंटीच नाही, बऱ्याच मशीनवर कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, दर १० सेकंदांनी स्वतःच डोकावून पाहतो. शेवटी एक्सरँडरचे दोन शॉर्टकट कीबोर्डला लावले, एकाने तो मॉनिटर बंद, दुसऱ्याने चालू.

एक राहिलंच. मॉनिटरची मांडणी आपल्या होम फोल्डरमध्ये लपलेल्या फाइलमध्ये सेव्ह होते, आणि लॉगिनची स्क्रीन त्याच्या आधी, दुसऱ्याच युजरच्या नावाने चालते, तिला आपली मांडणी माहीतच नसते. महिनाभर माझा पासवर्डचा डबा गिऱ्हाइकाच्या मॉनिटरवर यायचा, आणि सकाळी मी पलीकडच्याला विचारायचो, "काकाजी, लाल अक्षरात काही लिहून आलं का?" लॉगिन विंडोच्या सेटिंगमध्ये मॉनिटर निवडायचा पर्याय आहे हे नंतर सापडलं.