समान नागरी कायद्याचा वाद आणि मुंबईचा १९५१ चा निकाल

९ डिसेंबर २०२२ रोजी राज्यसभेत समान नागरी कायद्याच्या तयारीसाठीचं एक खासगी विधेयक आलं. ते मांडू द्यावं की नाही यावरच मतदान घ्यावं लागलं आणि ६३ विरुद्ध २३ मतांनी ते मांडलं गेलं. या विषयावर कुठेही चर्चा निघाली की संविधानातला अनुच्छेद ४४ निघतो, घटस्फोटित मुस्लिम बाईच्या पोटगीचं शाहबानो प्रकरण निघतं, सगळ्यांना एकच कायदा असलेल्या गोव्याचं उदाहरण दिलं जातं. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै १९५१ मध्ये दिलेला एक निकाल मात्र क्वचितच कुणाला आठवतो. या वादाची गाठ तिथे बसली आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. ती समजून घ्यायची तर आधी थोडं मागे जायला हवं.

१८८४ साली दादाजी भिकाजी यांनी याच न्यायालयात दावा लावला: माझी बायको नांदायला येत नाही, तिला पाठवा. बायको म्हणजे रखमाबाई. लग्न झालं तेव्हा त्या अकरा वर्षांच्या होत्या आणि दोघांचा संसार कधी सुरूच झाला नव्हता. सप्टेंबर १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी दावा फेटाळला. जे दोघं कधी एकत्र राहिलेच नाहीत त्यांच्यात परत काय प्रस्थापित करायचं, हा त्यांचा एक मुद्दा. दुसरा मुद्दा जास्त खोल होता: बाईला कोर्टाच्या हुकमाने नवऱ्याघरी पाठवण्याची ही रीत हिंदू धर्मशास्त्रातली नव्हे, ती इंग्रजी कायद्यातून इथे आली आहे. अपिलात हा निकाल टिकला नाही. फेरसुनावणीत मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी सांगितलं की नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. रखमाबाईंनी तुरुंगात जायची तयारी दाखवली. शेवटी १८८८ मध्ये दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी प्रकरण मिटवलं. रखमाबाई लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या.

धर्मरक्षणाच्या नावाखाली बायकोला कोर्टाकरवी नांदायला पाठवण्याच्या ज्या उपायाची इथे पाठराखण झाली, तो उपाय मुळात इंग्रजांचा होता. तसा हुकूम न पाळणाऱ्याला तुरुंगात टाकणं इंग्लंडने १८८४ मध्येच थांबवलं होतं आणि १९७० मध्ये तो उपायही मोडीत काढला. आपल्याकडे तो हिंदू विवाह कायद्याच्या कलम नऊमध्ये बसून आहे. १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला. आजही कुटुंब न्यायालयात ‘कलम नऊ टाकलंय’ असं वकील सहज बोलून जातात.

रखमाबाई प्रकरण आणि पारशी सुधारक बेहरामजी मलबारी यांनी १८८४ पासून बालविवाहाविरुद्ध चालवलेली मोहीम यांच्या पाठोपाठ १८९१ चा संमतिवयाचा कायदा आला. मुलीच्या संमतीचं वय दहावरून बारा झालं. टिळकांचा ‘केसरी’ विरोधात, आगरकरांचा ‘सुधारक’ बाजूने, हे शाळेपासून आपल्याला माहीत असतं. टिळकांचा मुख्य आक्षेप परक्या सरकारने आमच्या घरात हात घालू नये, हा होता. सरकार आपलं झाल्यावर त्या आक्षेपाचं काय व्हायचं, हा प्रश्न पुढच्या पिढीवर पडला.

तोवर हिंदू कायद्यात घटस्फोट नाही हे कोर्टात पक्कं ठरून गेलं होतं. पण मराठीत काडीमोड आहे, सोडचिठ्ठी आहे, फारकत आहे, पाट लावणं आहे. हे शब्द कुणी पुस्तकात बसून घडवले नाहीत. महाराष्ट्रातल्या कितीतरी जातींमध्ये बाई नवऱ्याला सोडून दुसरं घर करू शकत होती. ज्याला ‘हिंदूंची परंपरा’ म्हटलं गेलं ती बऱ्याच अंशी वरच्या जातींची परंपरा होती, आणि सुधारणेची खरी गरजही तिथल्याच बायकांना होती. हिंदू विवाह कायद्यानेही पुढे कलम २९ मध्ये रूढीने होणारा काडीमोड कायम ठेवला.

सयाजीराव गायकवाडांच्या बडोद्यात हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा १९३१ सालीच झाला होता. मुंबई प्रांताने बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाच्या काळात दोन पावलं टाकली. १९४६ साली हिंदू पुरुषाने दुसरी बायको करणं हा गुन्हा ठरला आणि १९४७ साली हिंदूंना घटस्फोटाचा हक्क मिळाला. दिल्लीत तेव्हा हिंदू संहितेचा, म्हणजे हिंदूंच्या लग्न-वारशाच्या एकत्रित कायद्याचा, मसुदा समितीतच फिरत होता.

मग संविधान आलं आणि मुंबईच्या १९४६ च्या कायद्यावर खटला उभा राहिला: मुंबई राज्य विरुद्ध नरसू आप्पा माळी. दुसऱ्या लग्नासाठी आरोपी झालेल्यांच्या बाजूने युक्तिवाद असा की मुसलमानाला चार बायका चालतात, हिंदूला दुसरी केली तर शिक्षा, मग समानता कुठे राहिली? शिवाय मुलासाठी दुसरं लग्न करणं हा आमच्या धर्माचा भाग आहे. खंडपीठावर मुख्य न्यायमूर्ती मोहम्मद अली करीम छागला आणि न्यायमूर्ती प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर होते. दोघांनी कायदा राखला. श्रद्धेला संरक्षण आहे, पण धर्माच्या नावाने चालणारी प्रथा समाजहिताच्या आड आली तर तिला संरक्षण नाही, आणि राज्याने टप्प्याटप्प्याने सुधारणा केली तर तो भेदभाव होत नाही, असं त्यांनी सांगितलं. इथपर्यंत निकाल सुधारकांच्या मनासारखा होता.

पण त्याच निकालात आणखी एक गोष्ट ठरली. मूलभूत हक्कांशी विसंगत असलेले ‘अमलातले कायदे’ अनुच्छेद १३ नुसार रद्दबातल होतात. त्या शब्दांत विधिमंडळाने न केलेले, शास्त्र-शरियत-रूढीतून आलेले व्यक्तिगत कायदे (लग्न, घटस्फोट, वारसा यांचे त्या त्या धर्माचे नियम) येत नाहीत, असं खंडपीठाने म्हटलं. समान नागरी कायद्यासाठी स्वतंत्र अनुच्छेद ४४ घातला, याचाच अर्थ घटनाकारांनी व्यक्तिगत कायदे तूर्त बाजूला ठेवले होते, हा त्यामागचा तर्क. सोप्या शब्दांत, एखाद्या बाईने कोर्टात येऊन ‘ही रूढी माझ्या समानतेच्या हक्काविरुद्ध आहे’ म्हटलं, तर कोर्ट म्हणणार की आमच्याकडे नाही, विधिमंडळाकडे जा. एक चांगला कायदा वाचवताना दोन अत्यंत सुबुद्ध न्यायमूर्तींनी हे दार लावून घेतलं, याची खंत मला हा निकाल वाचताना दर वेळी वाटते.

त्याचा परिणाम किती प्रत्यक्ष आहे ते ख्रिस्ती घटस्फोटाच्या कायद्यात दिसतं. १८६९ च्या त्या कायद्यात नवऱ्याला बायकोचा व्यभिचार दाखवला की पुरे, बायकोला मात्र व्यभिचाराच्या जोडीला क्रूरता किंवा सोडून जाणं सिद्ध करावं लागे. हा लिखित कायदा असल्यामुळे तो समानतेच्या कसोटीवर घासता आला. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने १९९७ साली ती अट घटनाबाह्य ठरवली आणि २००१ मध्ये संसदेने कायदा बदलला. अन्याय कागदावर होता म्हणून त्याच्याशी लढता आलं.

नरसू निकालानंतर दोनच महिन्यांनी, २७ सप्टेंबर १९५१ रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला. हिंदू संहिता विधेयकाची वाट अर्ध्यात सोडली गेली, हे त्यातलं एक मोठं कारण. संहिता पुढे तुकड्यातुकड्यांनी १९५५-५६ मध्ये झाली आणि तिने मुंबईचे दोन्ही कायदे रद्द करून त्यांचा आशय आपल्यात घेतला.

बाकीच्यांचं काय? १८ एप्रिल १९६६ रोजी समाजसुधारक हमीद दलवाई यांनी सात मुस्लिम बायकांचा मोर्चा मुंबईत विधानभवनावर नेला. तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्व बंद करा, समान कायदा आणा, ही मागणी. आकडा फक्त सात. पण ज्या काळात घराबाहेर बोलणंही अवघड होतं त्या काळात त्या उघड्या रस्त्यावर उतरल्या. एका दमात दिलेला तिहेरी तलाक सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०१७ रोजी तीन विरुद्ध दोन मतांनी बाद केला, म्हणजे एक्कावन्न वर्षांनी. त्यातही बहुमताने नरसू निकालाला थेट हात लावला नाही. अल्पमतातल्या दोघांनी तर हा व्यक्तिगत कायदा आहे, संसदेनेच पाहावं, असंच म्हटलं. संसदेत ३० जुलै २०१९ रोजी राज्यसभेने ९९ विरुद्ध ८४ मतांनी तिहेरी तलाकविरोधी कायदा मंजूर केला.

वारसाहक्कातही महाराष्ट्राने दिल्लीची वाट पाहिली नाही. एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला मुलासारखा जन्मसिद्ध हिस्सा इथे १९९४ मध्ये मिळाला, देशभर तो २००५ मध्ये आला. १९९४ आधी लग्न झालेल्या मुलींना राज्याच्या कायद्याने वगळलं होतं. त्या अटीने कितीतरी घरांत एका बहिणीला हिस्सा आणि दुसरीला नाही अशी स्थिती आली.

सप्टेंबर २०१८ मध्ये शबरीमला मंदिरातल्या स्त्रियांच्या प्रवेशाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी आपल्या स्वतंत्र निकालपत्रात नरसूचा तर्क टिकणारा नाही असं नोंदवलं. पण ते एका न्यायमूर्तींचं मत होतं, १९५१ चा निकाल त्याने उलटला नाही. त्यामुळे अलिखित व्यक्तिगत कायद्याचा जाच सोसणाऱ्या बाईचा प्रश्न अजूनही मुख्यतः विधिमंडळात आणि संसदेतच जातो, जिथे तिच्यासाठी कायदा होणं आणि तिच्या नावाने फक्त मतदान होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.