रात्रीच्या प्रसंगात तापणारी न्यूट्रल

इंदूरच्या गणेशोत्सवात मराठी नाटक बसवायचं म्हटलं की मांडवामागे एक वाक्य हमखास कानावर येतं. केबल टाकणारा वायरमन म्हणतो, "भिया, न्यूट्रल में कुछ आता ही नहीं, पतली चलेगी." न्यूट्रल म्हणजे वीज परत नेणारी तार; मोटरी चालवायच्या असत्या तर त्याचं म्हणणं खरंच होतं. दिवे मंद करणारे डिमर लागले की तो हिशेब मोडतो.

आमच्या एका प्रयोगात तो डोळ्यांदेखत मोडला. भरउजेडातला पहिला अंक निर्विघ्न पार पडला. दुसऱ्या अंकात रंगमंचावर रात्र झाली, सगळे दिवे निम्म्यावर आले आणि बोर्डाकडून जळक्या प्लास्टिकचा वास येऊ लागला. मेन पाडून पाहिलं तर फेजच्या, म्हणजे वीज आणणाऱ्या, तिन्ही तारा ठीकठाक, न्यूट्रलचा लग (तारेच्या टोकाची धातूची टोपी) मात्र करपून चॉकलेटी झालेला. एकही एमसीबी (प्रवाह जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) पडला नव्हता. (लग नीट दाबलेला नव्हता, हेही कबूल करायला हवं.)

उजेड कमी केल्यावर तार जास्त कशी तापली?

जुन्या काळी रंगमंचावर मिठाच्या पाण्याचे डिमर असत. पाण्यात पत्रा जितका खोल, तितका उजेड जास्त. ते वीज अडवायचे आणि पाणी तापवायचे. आजचा डिमर वीज अडवत नाही, कापतो. आपली वीज सेकंदाला 50 आवर्तनं करते, म्हणजे दर 10 मिलिसेकंदांना एक अर्धी लाट. डिमरमधला थायरिस्टर, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विच, प्रत्येक अर्ध्या लाटेच्या सुरुवातीला दार बंद ठेवतो, फेडर (उजेड कमीजास्त करायची सरकपट्टी) सांगेल तितका थांबतो आणि मग एकदम उघडतो. 5 मिलिसेकंद थांबला तर निम्मी शक्ती. फिलामेंट एवढ्यात निवत नाही, म्हणून आपल्याला सलग मंद प्रकाश दिसतो. त्या सततच्या धक्क्यांनी फिलामेंट गुणगुणतं, आणि तीच गुणगुण माइकच्या वायरीतही शिरते. डिमरमधले जड चोक (तारेची वेटोळी) हा धक्का थोडा मऊ करतात. साउंडवाल्या दादांशी भांडण नको असेल तर माइकच्या वायरी दिव्यांच्या केबलपासून लांब ठेवाव्यात.

आता न्यूट्रल. थ्री फेजमध्ये तीन लाटा एकमेकींच्या मागे ठरावीक अंतराने येतात. तिन्हींवर सारखा भार असेल तर कुठल्याही क्षणी तिघींची बेरीज शून्य होते, न्यूट्रलमधून परत जायला काही उरत नाही. पण ही वजाबाकी लाटा अख्ख्या असतील तरच जमते. डिमरने लाटेचा पुढचा भाग कापला की एका फेजचा तुकडा वाहत असताना त्याला खोडणारे बाकी दोघींचे तुकडे बरेचदा जागेवरच नसतात. मग तो न्यूट्रलमधून जातो. तिन्ही फेजचे तुकडे असे एकापाठोपाठ एकाच तारेत येतात.

आकडे घेऊ. हजार वॅटचे 36 पार दिवे, प्रत्येक फेजवर 12. पूर्ण उजेडात दर फेजला सुमारे 52 अँपिअर, न्यूट्रलमध्ये जवळजवळ शून्य. सगळे दिवे निम्म्या शक्तीवर आणा. फेजमध्ये साधारण 37 अँपिअर उरतात आणि न्यूट्रलमध्ये मात्र 52! फेजचे एमसीबी 37 पाहून स्वस्थ बसतात. अजून मंद केलं तर न्यूट्रलचा प्रवाह त्या वेळच्या फेजच्या 1.73 पटीवर जातो.

आणि बाजारात सर्रास मिळते ती साडेतीन कोरची केबल (कोर म्हणजे केबलमधली एक तार). त्यातला 'साडे' म्हणजे न्यूट्रल. 35 चौरस मिलिमीटरच्या केबलमध्ये ती 16 चीच असते. सर्वांत जाड तार जिथे हवी, तिथे नेमकी सर्वांत बारीक. डिमरच्या बोर्डाला चार कोरची, पूर्ण जाडीच्या न्यूट्रलची केबल मागायची, जमल्यास न्यूट्रल फेजहून जाड. यावर मी तरी तडजोड करत नाही.

न्यूट्रलमध्ये फ्यूज घालून हा प्रश्न सोडवू नये. न्यूट्रल तुटली की 230 व्होल्टची उपकरणं दोन फेजच्या मधल्या 400 व्होल्टमध्ये वाटणी करू लागतात. ज्या बाजूला भार कमी, तिच्या वाट्याला व्होल्टेज जास्त. भार कमी बहुधा साउंडच्या मिक्सरचा असतो.

जोडणी परवानाधारक वायरमननेच करावी. आधी अर्थिंग, मग बाकी. भाद्रपदातल्या ओल्या मैदानावर तर अर्थिंगशिवाय मेन चढवूच देऊ नये. उरलेली केबल गुंडाळून ठेवली तर आतल्या वेढ्यांची उष्णता अडकते, ती पसरून टाकायची. फेडर शून्यावर म्हणजे दिवा मृत नव्हे: थायरिस्टर बंद असतानाही थोडी वीज गळत राहते. बल्ब बदलायचा तर प्लग काढूनच.

मोजायला ट्रू आरएमएस क्लॅम्प मीटर हवा, म्हणजे तारेभोवती चिमट्यासारखा धरायचा आणि कापलेल्या लाटेचाही खरा प्रवाह दाखवणारा. साधा मीटर अखंड लाट गृहीत धरतो आणि कापलेल्या लाटेचा प्रवाह कमी दाखवतो. तालमीत दिवे फुल करून नव्हे, रात्रीचा प्रसंग लावून क्लॅम्प न्यूट्रलवर धरायचा. परवा आमच्या वायरमननं तो आकडा पाहिला, टाळी मारली आणि म्हणाला, "भिया, ये तो उल्टी गंगा है." मग साडेतीन कोरचं बंडल त्यानं स्वतःच टेम्पोत परत टाकलं.