‘शेतकरी कुठं टॅक्स भरतो?’

पानठेल्यावर कर्जमाफीचा विषय निघाला की हे वाक्य येतंच: ‘टॅक्स आम्ही भरायचा, माफी यांना.’ यातलं खरं एवढंच की शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही.

आता यवतमाळकडच्या कोणत्याही कृषी केंद्रातलं बिल उघडून पाहा. पऱ्हाटीवरच्या रासायनिक कीटकनाशकावर १८ टक्के जीएसटी, खतावर ५. हजाराच्या औषधावर १८० रुपये कर. दुकानदाराला त्याने भरलेल्या जीएसटीची वजावट मिळते. शेतकऱ्याची जीएसटी नोंदणीच नसते, त्यामुळे हा बोजा शेवटी त्याच्याच वावरात येऊन पडतो. वावर नांगरायला ट्रॅक्टर लावा, तर डिझेलवर केंद्राचं उत्पादन शुल्क आणि राज्याचा व्हॅट. मोबाइलच्या रिचार्जवरही १८ टक्के, मजुराला तेवढेच आणि मालकालाही तेवढेच. पण मजुराच्या खिशाला तो जास्त लागतो, हे कोणी बोलत नाही.

आणि माफीच मोजायची तर सगळ्यांची मोजा ना! २०१५ मध्ये संपत्ती कर रद्द झाला. २०१९ मध्ये इतर सवलती सोडणाऱ्या देशी कंपन्यांचा मूळ कर ३० वरून २२ टक्क्यांवर आला. त्याला मात्र ‘प्रोत्साहन’ म्हणतात.