सोलापूर-गोवा ३०० किमी, मग विमानाला तास का लागतो?

९ जून २०२५ ला सोलापूरच्या होटगी रोडच्या विमानतळावरून गोव्याचं विमान सुरू झालं तेव्हापासून हा प्रश्न खूप जण विचारतात, की अंतर ३०० किमी, विमानाचा स्पीड ताशी ५००, मग पस्तीस-चाळीस मिनिटात पोचायला पाहिजे ना, तिकिटावर तासाच्या आसपास वेळ का? प्रश्न एकदम रास्त आहे आणि उत्तर मला तर फार आवडतं.

आधी अंतर बघू, ते घरबसल्या निघतं. सोलापूर विमानतळ साधारण १७.६३ अक्षांश, ७५.९३ रेखांश, आणि गोव्याचं मोपा १५.७४ आणि ७३.८६. अक्षांशाचा एक अंश म्हणजे १११ किमी, रेखांशाचा आपल्या भागात १०६ च्या जवळपास (ध्रुवाकडे जाल तसा तो कमी होत जातो). म्हणजे दक्षिणेला २१० किमी, पश्चिमेला २२०, आणि शाळेतलं पायथागोरस लावलं की कर्ण येतो ३०४ किमी. एवढ्या छोट्या अंतरात पृथ्वीच्या गोलाईने काही फरक पडत नाही.

आता वेळ. वेळापत्रकातला वेळ विमान उडाल्यापासून धरत नाहीत, चाकांचे ठोकळे काढून विमान जागचं हललं की सुरू होतो आणि तिकडे उभं राहून परत ठोकळे लागले की संपतो. धावपट्टीच्या टोकापर्यंत जाणं, वळणं, परवानगीसाठी थांबणं, सगळं त्यात आलं. आणि हवेत गेल्यावर सुद्धा ५०० चा स्पीड लगेच मिळत नाही, एटीआर ७२ सारख्या पंख्याच्या विमानाला पाच-साडेपाच किमी उंची गाठायला पंधरा-वीस मिनिटं जातात आणि चढताना वेग कमीच असतो. उतरताना साधारण ३ अंशाचा उतार धरतात, म्हणजे तेवढ्या उंचीवरून खाली यायला १०० किमी लागतात! ३०४ मधले १०० उतरण्यातच गेले, तेवढेच जवळपास चढण्यात, पूर्ण वेगाने जायला उरला एक तृतीयांश रस्ता. (विमानतळाजवळच्या सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी २०२३ मध्ये पाडली ती पण अशाच कारणाने, चढ-उताराच्या वाटेत उंच काही चालत नाही.)

म्हणून "जेट पाहिजे होतं, हे पंख्याचं कशाला" असं कुणी म्हटलं की मला पटत नाही. ताशी ८०० ने ३०४ किमी कागदावर २३ मिनिटं आणि ५०० ने ३६, वाचली १३, ती पण जेटला पूर्ण वेग फार वेळ मिळतच नाही म्हणून प्रत्यक्षात अजून कमी. गावातल्या गावात सात रस्त्यावरून आसरा चौकात जायला रेसिंग बाईक घेतली तरी किती लवकर पोचणार? उलट एवढ्या अंतराला पंख्याचं विमान इंधन कमी खातं आणि छोट्या धावपट्टीवर पण चालतं.

मुंबई सरळ रेषेत ३६० किमी आहे, रेल्वेने ४५५. तिकडे वेळ जास्त खाते ती गर्दी, कारण मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, एका वेळी एकच वापरता येते, मग विमान आकाशात घिरट्या घालत बसतं.

वाऱ्याचं पण आहे. पावसाळ्यात त्या उंचीपर्यंत वारा बहुतेक पश्चिमेकडून असतो, म्हणजे गोव्याला जाताना तिरका समोरून आणि येताना तिरका पाठीमागून. हिशोबापुरता ताशी ५० चा वारा थेट समोरून आणि थेट पाठीमागून धरला तर जाताना ४० मिनिटं, येताना ३३, तोच रस्ता, तेच विमान.