गाडी स्टार्ट होत नाहीये? आधी हे वाचा, मग फोन करा

आमच्याकडून स्टिअरिंग-पेडलचा सेट नेलेल्या लोकांचे सगळ्यात जास्त फोन एकाच गेमसाठी येतात, माय समर कार. स्टिअरिंग फिरतंय पण गाडी जागची हलत नाही, अ‍ॅक्सिलरेटर दाबला तरी ढिम्म, सेट खराब दिलात का वगैरे. अहो, सेट चांगलाय. बहुतेक वेळा तुम्ही गेममधल्या गाडीच्या बॅटरीचा बोल्ट आवळलेला नसतो नाहीतर एखादी वायर लावायचीच राहिलेली असते. प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा म्हटलं एकदाच लिहून बॉक्समध्ये टाकू.

तर गेम फिनलंडचा आहे, अ‍ॅमिस्टेक गेम्स नावाच्या अगदी छोट्या स्टुडिओचा. २०१६ साली अर्ली अ‍ॅक्सेसमध्ये (म्हणजे पूर्ण व्हायच्या आधीच विक्रीला) आला आणि पूर्ण झालेला गेम निघाला थेट जानेवारी २०२५ मध्ये, आठ वर्षं लोक अर्धवटच खेळत होते आणि तरी कोणी सोडला नाही. गोष्ट १९९५ च्या उन्हाळ्यातली. आईवडील टेनेरिफेला, म्हणजे स्पेनच्या एका बेटावर, सुट्टीवर गेलेत, तुम्ही घरी एकटे आणि गॅरेजमध्ये सात्सुमा नावाची गाडी सुट्या पार्टमध्ये पडलेली. नाव खोटं आहे पण ज्यांनी जुन्या डॅटसन बघितल्यात ते लगेच ओळखतील, डॅटसन १००ए वरूनच घेतलीय. पैसे मार्क या फिनलंडच्या जुन्या चलनात, युरो यायला तेव्हा वेळ होता. ग्राफिक्स बघून नाक मुरडू नका, झाडं पुठ्ठ्याची वाटतील पण इंजिन खरं आहे.

खरं म्हणजे किती खरं, तर ब्लॉकमध्ये क्रँकशाफ्ट, बेअरिंग, पिस्टन, मग हेड गॅसकेट, वर हेड, कॅमशाफ्ट, टायमिंग चेन, सगळं एकेक करून आपणच बसवायचं. पार्ट जागेवर ठेवला म्हणजे बसला असं नाही, पाना घेऊन माऊसचं चाक फिरवत प्रत्येक बोल्ट आवळायचा, आणि पाने ५ पासून १५ नंबरपर्यंत, चुकीच्या मापाचा घेतला तर बोल्ट हलणारच नाही. कॅमशाफ्टच्या गिअरची खूण जुळवली नाहीत तर पुढची सगळी मेहनत पाण्यात, आणि खूण चुकली असं गेम सांगतही नाही.

आमच्याच ऑफिसातल्या एकाने दोन रात्री बसून इंजिन बांधलं, ऑइल ओतलं, सेल्फ मारला, चालू झालं, तो खुर्चीतून उठून नाचला. थोडं पुढे जाऊन इंजिन जाम! परत येऊन बघतो तर गॅरेजच्या जमिनीवर ऑइलचं थारोळं, ऑइल पॅनच्या खालचा ड्रेन प्लग, म्हणजे ऑइल सोडायचं बूच, तोच आवळला नव्हता. तेव्हापासून तो फोनवर प्रत्येकाला पहिला प्रश्न हाच विचारतो.

इंजिन चालू झालं पण खोकतंय, फटफट आवाज येतोय, तर ट्युनिंग बघा. डिस्ट्रिब्युटर, म्हणजे जुने मिस्त्री ज्याला डेल्को म्हणतात तो, थोडा थोडा फिरवून टायमिंग लावायचं, कार्बोरेटरचा स्क्रू फिरवून हवा-पेट्रोलचं प्रमाण बसवायचं, आणि टॅपेटचे आठ स्क्रू. थंड इंजिनाला चोक (जास्त पेट्रोल देणारा खटका) ओढा आणि नंतर आत ढकलायला विसरू नका (ज्यांनी खऱ्या आयुष्यात चोकवाली गाडी चालवलीय त्यांना हे सांगायला नको, त्यांनाच हा गेम सगळ्यात जास्त आवडतो हे आम्ही बघितलंय). कूलंट, ब्रेक ऑइल, क्लच ऑइल, फॅनबेल्ट, हेही तपासा.

बाकी जगणंही आहेच. भूक, तहान, झोप, अंगाची घाण, लघवीसुद्धा, सगळ्याचे मीटर आहेत. अंघोळीला शॉवर, वर सॉना (गरम वाफेची खोली). पैसे लागले तर लाकडं फोडून विका नाहीतर मैल्याच्या टाक्या उपसायची गाडी चालवा. गाडीचं इन्स्पेक्शन पास झाल्याशिवाय नंबरप्लेट नाही. सीटबेल्ट लावा, कारण मेलात तर तुमच्या मरणाची बातमी पेपरात छापून समोर येते, आणि परमाडेथ (एकदा मेलात की सेव्ह केलेला खेळही गेला) चालू असेल तर तिथेच खेळ खलास. सेव्ह घरच्या संडासात होतो, हो, बरोबर वाचलंत. दारू आणि शिव्या भरपूर आहेत त्यामुळे लहान मुलांच्या हातात देऊ नका.

आता आमच्या सेटबद्दल. यूएसबी गेम सुरू करायच्या आधी लावा. स्टिअरिंग, अ‍ॅक्सिलरेटर, ब्रेक आणि क्लच कंट्रोल सेटिंगमध्ये एकेक करून स्वतः जोडायचे, आपोआप होईल म्हणून बसू नका. पेडल उलटं चालत असेल, म्हणजे पाय काढला की गॅस लागतोय, तर तो अ‍ॅक्सिस (म्हणजे पेडलच्या हालचालीची दिशा) तिथेच उलटा करा.

तरी शंका असेल तर गेममधल्या काकाची व्हॅन मिळेपर्यंत थांबा आणि ती चालवून बघा. ती आयती बांधलेली असते. व्हॅन नीट वळली, ब्रेक लागला, क्लच सुटला तर सेट शंभर टक्के ओके आहे आणि भानगड तुमच्या सात्सुमात आहे. व्हॅनही हलली नाही तर मात्र बिनधास्त फोन करा, सेट बदलून देऊ, बिल आणि बॉक्स जपून ठेवा. फक्त सात्सुमाची तक्रार असेल तरी फोन करा हो, नाही म्हणत नाही, पण आधी गाडीखाली वाकून तो ड्रेन प्लग बघून घ्या.